आत्याचं अंगण

फार मागे तरवडाच्या सावलीत अंगठ्याएवढ्या माणसांचं एक गाव नांदत होतं. तिथे कुणी परमुलखात गेलं, की त्याचं अंगण शेजाऱ्याने रोज झाडायचं, अशी रीत होती.

तरुण भिवरा परमुलखात गेली, तशी शेजारची ठमाआत्या तिचं अंगण झाडू लागली. मुंगी येता-जाता हसायची, "आत्या, ती कसली परत येतेय! घर मला दे, दाणे ठेवीन."

"आली तर तिला दार सापडायला नको का?" म्हणत आत्या पुन्हा केरसुणी घेऊन वाकायची.

केस पिकल्यावर भिवरा परतली. गवत इतकं माजलं होतं, की घरं ओळखू येईनात. तेवढ्यात एक लख्ख अंगण दिसलं. तिचंच! मात्र शेजारी आत्याच्या उंबऱ्यापर्यंत गवत चढलं होतं.

"शेवटी तिच्या अंगात एकाच अंगणापुरतं बळ उरलं होतं," मुंगी हळूच म्हणाली. "परवाच गेली."

भिवराने डोळे पुसले, केरसुणी उचलली आणि ती आत्याच्या अंगणात शिरली.

"अगं, ती थोडीच परत येणार आहे?" मुंगी म्हणाली खरी, पण डोक्यावरचा दाणा खाली ठेवून तीही गवत उपटू लागली.