डाव्या अंगठ्याची घंटी

धामणखिंडीतून गाडीरस्ता निघाला त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा देशावरून कोकणात जायचं तर बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे याच खिंडीतून उतरायचे. पावसाळ्यात धुकं असं दाटायचं की माणसाला हातातली स्वतःची काठी दिसायची नाही. म्हणून प्रत्येक बैलाच्या गळ्यात घंटी असायची, आणि ती घंटी धर्माजी ओताऱ्याची असायची. तिचा आवाज सरळ आणि स्वच्छ, तांब्यातून पाण्याची धार पडावी तसा.

धर्माजीला एकच लेक, कोंडाई. मातीच्या गाभ्यावर मेण चढवायचं, वरून पुन्हा माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत कासं ओतायचं, हे सगळं ती बापाशेजारी बसून शिकली. फक्त ती डावरी होती. मेण चढवताना तिचा डावा अंगठा एका जागी जास्त दाबला जायचा आणि घंटीची कड तिथे पातळ व्हायची. “हाताची खोड आहे पोरी,” असं म्हणून धर्माजी मेण भरायचा आणि बांबूच्या कामटीनं सगळी कड सारखी करायचा. तो गेल्यावरही कोंडाई कामटी फिरवत राहिली. घंट्या तिच्या, नाव बापाचं. बाजारात कोणी विचारलं की ती सांगायची, “धर्माजीची आहे,” आणि घंटी खपायची.

तिचा नवरा सटवाजी तांड्याबरोबर मिठाच्या खेपा करायचा. एकदा निघताना गोणी आवळता आवळता तो म्हणाला, “कोंडे, धुक्यात वाट चुकलो तर काय करू?”

“घंटीच्या आवाजावर या की.”

“कोणाच्या? साऱ्या मुलखात तुझ्या बाची घंटी वाजते. मी भलत्याच्या ओट्यावर जाऊन जेवायला बसायचो.” तो हसला, मग हळूच म्हणाला, “तुझी म्हणून एक कर ना. ऐकली की कळलं पाहिजे, आमच्या कोंडीची.”

“करीन हो. आधी या तर.”

तांडा परत आला, सटवाजी आला नाही. खिंडीत एक बैल मागे राहिला, त्याला शोधायला तो धुक्यात वळला होता. तांडेवाले मान खाली घालून म्हणाले, “आम्ही घंट्या वाजवल्या वहिनी. पण त्या दिवशी वरून, खालून, सगळीकडून तसल्याच वाजत होत्या.”

त्या दिवसापासून कोंडाईला एकच ध्यास लागला. आपली अशी घंटी करायची, आणि ती त्याच्या कानावर पडली पाहिजे. तिनं घंटी मोठी करून पाहिली. जाड करून पाहिली. पायातले वाळे काढून काशात वितळवले. प्रत्येक घंटीतून बापच बोलायचा.

मग एके सकाळी मेणाची कड सारखी करायला तिनं कामटी उचलली आणि तिचा हात तिथेच थांबला. पातळ जागेवर अंगठ्याचा खळगा दिसत होता. तिनं तो तसाच ठेवला आणि कासं ओतलं. थंड झाल्यावर घंटी टांगून वाजवली, तर आवाज निघाला तो सरळ गेलाच नाही. जाता जाता थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. निघालेलं माणूस उंबऱ्याशी वळून वळून बघतं तसा. तो विरेपर्यंत ती ऐकत राहिली. सटवाजी गेल्यापासून ती रडली नव्हती. त्या दिवशी रडली, असं म्हणतात. कामटी तिनं भट्टीत टाकली.

बाजारात तांडेवाल्या बापू शेट्यानं घंटी वाजवून कपाळाला हात लावला. “कोंडाई, ही घंटी आहे की दाढ दुखणारी म्हातारी? धर्माजीची दे, आत्ता टोपली उचलतो.”

“धर्माजी गेला, शेटजी. त्याची आता मिळायची नाही. ही कोंडाईची आहे.”

टोपली भरलेली तशीच घरी आली. भट्टी विझली, नाचणीच्या आंबिलीवर दिवस जाऊ लागले. बायका समजवायच्या, “बाई गं, बापासारख्या कर नि सुखानं खा.” कोंडाई ऐकून घ्यायची. मग तिनं टोपली उचलली आणि गुराख्यांच्या दारोदार फिरली. “धुक्याचे दिवस गळ्यात बांधा. नको वाटली तर दिवाळीला परत द्या.”

दिवाळीला एकही घंटी परत आली नाही. तिचा अंगठा दोनदा सारखा कधी पडत नव्हता, त्यामुळे प्रत्येक गाय वेगळी वाजायची. धुक्यात हातभर पुढचं दिसत नसताना गुराखी म्हणायचे, “ती बघ, आमची कपिली.”

शेवटी बापू शेटे स्वतः तिच्या ओट्यावर आला. “तांड्यासाठी पाहिजेत. काय घेशील ते घे.”

“घ्या. पण माझी एक अट आहे. वाटेत जिथे मुक्काम पडेल तिथे ही एकदा वाजवायची आणि विरेपर्यंत गप्प उभं राहायचं.”

“कशाला?”

“कोणी साद देतं का ऐकायला.”

कोंडाईची घंटी घाट उतरली, खाडी ओलांडून बंदरापर्यंत पोचली. जो तांडा परत यायचा त्याला ती विचारायची, “कोणी साद दिली?” माणसं नाही म्हणून मान हलवायची. तिचे केस पांढरे झाले, तरी तिनं विचारणं सोडलं नाही.

मग एका संध्याकाळी धुक्यातून तिच्या बापाची घंटी वाजली. सरळ, स्वच्छ. पाठीवर गोणी नसलेला एक म्हातारा बैल चालत आला आणि तिच्या अंगणात उभा राहिला. सटवाजी ज्याला शोधायला वळला तोच हा, असं म्हणतात. बैल इतकी वर्षं जगत नाही, असंही म्हणतात. पण तसं म्हणणारे धामणखिंडीच्या धुक्यात कधी उभे राहिलेले नसतात. कोंडाईनं त्याच्या गळ्यातली घंटी सोडून उंबऱ्यावर ठेवली, आपली बांधली आणि कासरा धरला.

“चल. दाखव.”

थरथरता आवाज खिंडीत उतरत गेला. शेजारीपाजारी दारात उभे राहून ऐकत होते. पार खाली जाऊन तो थांबला. तेव्हा खालून कोणीतरी “कोंडे!” अशी हाक मारली, असं काही जण म्हणतात. काही म्हणतात, तो वारा होता. कोंडाई परत आली नाही.

धामणखिंडीच्या ओतारआळीत शिकायला बसलेल्या पोरापोरींच्या पहिल्या घंटीवर आजही कोणी कामटी फिरवत नाही. अंगठा जसा पडेल तसा राहतो. खिंडीच्या माथ्यावर तिच्या नावाची एक घंटी टांगलेली आहे. धुकं असलं की ट्रकवाले तिथे गाडी थांबवतात, इंजिन बंद करतात, घंटी एकदा वाजवतात आणि आवाज विरेपर्यंत गप्प उभे राहतात.

साद येत नाही. मागच्या गाड्या खोळंबतात, पण त्या वेळी हॉर्न कोणी वाजवत नाही.