पांढऱ्या गालिच्यावरची शेतकी

"हे काय आहे?" धवलराय महाराज कडाडले.

दरबारातल्या पांढऱ्याशुभ्र गालिच्यावर चिखलाचे पाय उमटले होते. दारापासून थेट सिंहासनापर्यंत! आणि त्या पायांच्या शेवटी ठकू उभी होती, हातात मुळासकट उपटलेलं झाड घेऊन.

"भुईमूग आहे, महाराज. शेंगा कुठं धरतात ते परीक्षेत दाखवायचं होतं ना?"

"मी चिखलाचं विचारतोय!"

"तो भुईमुगाबरोबरच आला."

महाराजांनी मोठ्या हौसेनं महालातच शेतकीचं विद्यापीठ काढलं होतं. पण त्यांना पांढऱ्या रंगाचं भारी वेड! म्हणून विद्यापीठ सगळं संगमरवरी. मुलं गालिच्यावर चांदीचा नांगर फिरवून नांगरणी शिकत आणि खताचा धडा आला की नाकाला अत्तराचा बोळा लावत. ठकू मात्र कुसळवाडीची. तिच्या गावातून शिकायला आलेली ती पहिलीच. ती पहाटे गुपचूप नदीकाठच्या रानात जायची आणि पाय धुवायला विसरायची.

"आजपासून खेड्यातल्या पोरांना विद्यापीठ बंद!" महाराज म्हणाले. "हिला गावी धाडा!"

ठकूची धाकटी बहीण वेशीवर वाट बघत बसली असणार. पुढच्या वर्षी तीही येणार होती. आता तिला काय सांगायचं?

"महाराज, चिखलाशिवाय शेती व्हायची कशी?"

"तूच करून दाखव!" महाराजांनी मिशीवर ताव दिला. "परवा सकाळपर्यंत याच महालात पीक उगवून दाखव. माती नको, नांगर नको, गालिच्यावर पाण्याचा थेंब नको. जमलं तर विद्यापीठ तुझं. नाही जमलं तर तू घरी!"

"महालात कुठंही उगवू?"

"कुठंही!"

"मग कुणी मध्ये येणार नाही ना?"

"माझा शब्द आहे! कुलगुरू, लक्ष ठेवा हिच्यावर."

कुलगुरू नरहरिशास्त्र्यांनी कोपरा न् कोपरा धुंडाळायला सुरुवात केली. पलंगाखाली बघितलं, तोफेच्या तोंडात बघितलं, राणीसाहेबांच्या विड्याच्या डब्यातही बघितलं. ठकू मात्र शांतपणे आपल्या खोलीत गेली. आईनं बोचक्यात मटकी बांधून दिली होती, "उसळ करून खा गं, उपाशी नको राहूस" म्हणून. ठकूनं ती रात्रभर भिजत घातली.

सकाळी ती महाराजांच्या फेटेवाल्याकडे गेली. दगडूमामा तिच्याच गावचे.

"मामा, उन्हाचा कहर आहे. महाराजांना आज ओला फेटा बांधा की. पिळून घ्या मात्र, थेंब पडला तर माझी परीक्षा गेली."

"आणि हे पुरचुंडीत काय?"

"ते आतल्या घडीत पसरा."

मामांनी पुरचुंडी उघडली आणि मटकन खाली बसले. "पोरी, माझी मान जाईल!"

"महाराजांनी शब्द दिलाय, मामा. कुठंही म्हणालेत!"

मामांनी देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटून फेटा बांधला. महाराज खूश झाले. "वा, काय गार वाटतंय!" फेटा सुकायला लागला की मामा लगबगीनं गुलाबपाणी शिंपडायचे. रात्रीचीही धास्ती नव्हती, कारण महाराज झोपतानासुद्धा फेटा काढत नसत. त्यांच्या डोक्यावर एकही केस नव्हता. राज्यातलं हे सगळ्यात मोठं गुपित, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी महाराज कपाळ चोळायला लागले. "डोक्यात काहीतरी हलतंय!"

"नवी मोहीम सुचत असेल," सेनापती म्हणाले.

"कविता असेल," राणीसाहेब म्हणाल्या.

कुलगुरूंनी तर ही विद्वत्तेची लक्षणं आहेत असं सांगून टाकलं. महाराजांना रात्रभर गुदगुल्या होत राहिल्या आणि ते झोपेत हसत राहिले.

परवाचा दिवस उजाडला. दरबार भरला. ठकू पाय स्वच्छ धुऊन आली होती.

"महाराज, अख्खा महाल पालथा घातला," कुलगुरू म्हणाले. "गवताचं पातंही कुठं उगवलेलं नाही!"

"ऐकलंस?" महाराज डोकं खाजवत म्हणाले. "बांध बोचकं! कुठंय तुझं पीक?"

"महाराजांनी फेटा उतरवला तर दाखवते."

दगडूमामा खांबाआड गेले. महाराज रागानं लाल झाले, पण खाज काही थांबेना! शेवटी त्यांनी दातओठ खात फेटा ओढला.

घड्या सुटल्या आणि मांडीवर मटकी बदाबदा सांडली. एकेका दाण्याला बोटाच्या पेराएवढा पांढराशुभ्र मोड! काही दाणे टकलाला तसेच चिकटून होते आणि त्यांच्या शेपट्या वर हलत होत्या. माती नाही, नांगर नाही, गालिच्यावर थेंब नाही!

महाराजांनी डोकं चाचपलं. "माझं डोकं! अगं, राजाच्या डोक्यावर शेती करतात का?"

"महालात कुठंही, असा शब्द होता. मी सगळीकडं बघितलं, महाराज. बाकी सगळी जागा अडलेली होती. ही एवढीच कित्येक वर्षं पडीक होती, म्हटलं रान चांगलं विसावलंय, पीक जोमदार येईल!"

मग राणीसाहेबांच्या तोंडून फुस्सकन हसू फुटलं. महाराजांनी त्यांच्याकडं रोखून बघितलं, ठकूकडं बघितलं, टकलावरचा एक मोड काढून तोंडात टाकला आणि असे खदाखदा हसले की उरलेलं पीकही खाली पडलं!

"कुलगुरू, गालिचे गुंडाळा!" डोळे पुसत ते म्हणाले. "फरशा उखडा, आतली माती मोकळी करा! हिला पदवी द्या, आणि हिच्या गावी पालखी धाडून शिकायला येतील तेवढी पोरं घेऊन या! आणि दगड्या, खांबाआडून बाहेर ये. आज या पिकाची उसळ कर, सगळा दरबार जेवेल!"