बारा तारांची म्हातारी

“...म्हातारी उचलायची. मान धरून आणायची, पण पोटाला धक्का लागता कामा नये. सुपारी घेतलीय आपण, आता मागं...”

एवढंच बायजाक्काला भिंतीपलीकडून ऐकू आलं. पुढचं ऐकायला तिने कान भिंतीला लावला, तर तिच्याच कुकरने शिट्टी दिली. शिट्टी थांबली तोवर पलीकडचं बोलणंही थांबलं होतं.

बायजाक्का एक वेळ डाळ कच्ची ठेवेल, पण बातमी नाही. संध्याकाळपर्यंत पिठाच्या गिरणीवर सगळ्यांना कळलं, की शेजारचा रंगनाथ आणि त्याचा धाकटा भाऊ मिळून तालुक्याच्या एका म्हातारीला पळवून आणणार आहेत.

“सुपारी घेतलीय म्हणे. ह्या कानांनी ऐकलं.”

“पण कुणाची म्हातारी गं?”

“ते माझ्या कुकरला विचार.”

आता खरं काय ते ऐका. त्या गावात महिपती नावाचा एक भोळा राहत होता. शाळेत असताना मास्तर म्हणाले, “धडा डोक्यात ठेव,” तर हा पान फाडून टोपीत ठेवून आला. तेव्हापासून त्याचं वय वाढलं, टोपी मोठी झाली, बाकी काही बदललं नाही.

त्याचा थोरला भाऊ रंगनाथ, म्हणजे रंगादादा, बेंजो पार्टीचा मालक. वाजवणाऱ्या लोकांना लग्नाचं काम मिळालं की ते ‘सुपारी मिळाली’ म्हणतात. तशी दादाला आप्पा नलवड्यांच्या लेकीच्या लग्नाची सुपारी मिळाली होती. पण त्याआधीच्या एका वरातीत दादा स्टेजवरून पडला. पडताना बेंजो खाली आला आणि दादा वर. बेंजोचा भुगा झाला, दादाचा पाय प्लास्टरमध्ये गेला. आप्पांनी निरोप धाडला : रविवारी मांडवात वाद्य दिसलं नाही, तर खालच्या आळीची पार्टी सांगेन.

तालुक्याला रूथआजी म्हणून एक बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याची एक जुनी गिटार होती, साठ वर्षांची. साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला बारा होत्या. वाजवणारे तिला लाडाने ‘म्हातारी’ म्हणायचे. दादाचं आजींशी बोलणं झालं होतं, पैसे पोचते झाले होते, फक्त उचलून आणायची बाकी होती. आणि आणायला घरात धड पायांचा एकच माणूस होता.

“म्हातारी नीट आणलीस,” दादा म्हणाला, “तर खुळखुळा तुझा.”

महिपतीला जगात एकच गोष्ट हवी होती. पार्टीचा लाल कोट घालून स्टेजवर उभं राहायचं आणि खुळखुळा वाजवायचा. सात वर्षं तो मागत होता. सात वर्षं दादा ‘बघू’ म्हणत होता. म्हणून तो लग्गेच उठला.

गुरुवारी महिपती एसटीत बसला आणि वाटभर घोकत गेला. ‘म्हातारीची मान धरायची. पोटाला धक्का नको. म्हातारीची मान धरायची. पोटाला धक्का नको.’

दार एका पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या बाईंनी उघडलं.

“म्हातारी कुठंय?” महिपतीने विचारलं.

“मीच की रे बाबा म्हातारी. इथं दुसरं कोण राहतंय?”

महिपतीने त्यांची मान धरली. अगदी हळू धरली. पोटाला धक्काही लावला नाही. पण रूथआजींच्या हातात छत्री होती, आणि छत्रीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

महिपती टेंगूळ घेऊन घरी आला.

“आरं माझ्या कर्मा!” दादाने कपाळावर हात मारला. “माणसाची मान धरतात व्हय रं?”

“तूच म्हणालास.”

“गिटारीची म्हणालो! मोठ्या माणसाला मान द्यायचा असतो. कुणीबी मोठं माणूस समोर आलं, की पहिलं काय करायचं? मान द्यायचा.”

शुक्रवारी सकाळी महिपती एसटीत बसला आणि वाटभर घोकत गेला. ‘गिटारीची मान धरायची. मोठ्या माणसाला मान द्यायचा.’

रूथआजी खिडकीतूनच म्हणाल्या, “आज काय धरायला आलास?”

“आज मान द्यायला आलोय.”

“मग लांबूनच दे.”

पण त्याने गिटारीचं नाव काढल्यावर त्यांचा राग उतरला. त्यांनी गिटार बाहेर आणली आणि पदराने पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली. “चाळीस वर्षं हिने नाताळात आख्ख्या देवळाला गायला लावलं,” त्या म्हणाल्या. “मालक गेले आणि ही गप्प झाली. तुझ्या भावाला सांग, हिला गप्प बसवू नको म्हणावं.”

महिपतीने गिटारीची मान धरली. पोटाला धक्का न लावता एसटीत बसला. धक्का न लावता गावच्या स्टँडवर उतरला. आणि समोर उभे आप्पा नलवडे. सहा फूट उंच, वर फेटा. गावात त्यांच्याहून मोठं माणूस नव्हतं.

महिपतीने गिटारीची मान आप्पांच्या हातात दिली.

“हे काय रं?”

“मान.”

“बरं,” आप्पा म्हणाले. त्यांना वाटलं, वाजवणाऱ्यांची असेल एखादी रीत. ते गिटार घेऊन घरी गेले. महिपती हात हलवत घरी आला.

“गिटार कुठंय?” दादाने विचारलं.

“आप्पांकडं.”

“आप्पांकडं कशी गेली?”

“मी फक्त मान दिली. पण मानेला बाकीची गिटार चिकटलेली होती.”

“आरं माझ्या कर्मा!”

“तूच म्हणालास.”

मान दिला आणि मान दिली, यातला फरक महिपतीला शाळेतही कुणी समजावला नव्हता. आता समजावायला दादाकडे वेळ नव्हता. “तसाच माघारी जा. हात जोड. लग्नघर हाय, आप्पांना उलटं बोलू नको. ते काय मागतील त्याला नाही म्हणायचं नाही. पण गिटार घेऊन ये.”

महिपती आप्पांच्या वाड्यावर गेला आणि वाटभर घोकत गेला. ‘नाही म्हणायचं नाही. नाही म्हणायचं नाही.’

आप्पा मांडवात तोरण बांधत होते. सुतळी संपली होती.

“ने बाबा तुझी गिटार,” आप्पा म्हणाले. “पण तोरणाला बांधायला तार हाय का रं?”

महिपती नाही कसा म्हणणार?

घरी गिटार आली. ती दारात दिसली तेव्हा दादा प्लास्टरसकट उभा राहिला. त्याने तिला मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि हात फिरवला. हात नुसत्या लाकडावरून फिरला.

“तारा?”

“तोरणाला.”

“सोडवून आण!”

“तुकडे झाले. आप्पांनी पक्कड मागितली. त्यालाबी मी नाही म्हणालो नाही.”

ह्या वेळी दादा ‘आरं माझ्या कर्मा’सुद्धा म्हणाला नाही. त्याने गिटार मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाला, “खालच्या आळीची पार्टी आली की आपलं संपलं, मैपत्या. पुन्हा ह्या गावात कुणी आपल्याला सुपारी देणार न्हाई. कोटबी न्हाई आणि खुळखुळाबी न्हाई.”

“‘बघू’बी न्हाई?” महिपतीने विचारलं.

शनिवारी सकाळी दादाने त्याला समोर बसवलं. एकेक शब्द सुटा करून सांगितला.

“तालुक्याला जायचं. बारा तारा आणायच्या.”

“बारा तारा.”

“सहा जोड्या. प्रत्येक जोडीत एक जाड आणि एक बारीक.”

“एक जाड, एक बारीक.”

“नुसतं बघून घेऊ नको. टिचकी मारून आवाज ऐक. खणखणीत पाहिजे. वाटेत एकमेकींत गुंतू देऊ नको. आणि उद्या मुहूर्ताच्या आत सरळ मांडवात आण.”

“मिळतील कुठं?”

“भर बाजारात. कुणालाबी विचार.”

महिपती एसटीत बसला आणि वाटभर घोकत गेला. बाजाराच्या तोंडाशी एक बाई वांगी विकत बसली होती. त्याने तिलाच विचारलं, “तारा कुठं मिळतील?”

“मीच तारा,” बाई म्हणाली. “काय पाहिजे?”

महिपतीने तिच्याकडे नीट बघितलं. चांगली जाड होती. त्याने तिच्या दंडावर टिचकी मारली.

“मुडद्या! हात मोडला तुझा!” आवाज मंडईच्या पत्र्यावर आपटून परत आला.

“खणखणीत!” महिपती खूश झाला. “आता हिच्या जोडीला एक बारीक पाहिजे.”

ताराबाईंनी पायातली चप्पल काढली. पण महिपतीला आधीचं सगळं शिकलेलं आठवलं. त्याने हात जोडले, मान दिला, उलटं बोलला नाही. म्हणाला, “मावशी, आप्पा नलवड्यांच्या लेकीचं लग्न तुमच्यावाचून अडलंय. बारा तारा नसतील, तर आमची म्हातारी तोंड उघडायची न्हाई.”

लग्न अडलंय म्हटल्यावर कुठली बाई बसून राहील? त्यात कुणाची तरी म्हातारी रुसलेली. ताराबाईंनी चप्पल पायात घातली. “बांगडीवाली तारा बारीक हाय,” त्या म्हणाल्या. “चल, दाखवते.”

बांगडीवालीला शिंपीण तारा ठाऊक होती, शिंपिणीला खानावळवाली तारा. दुपारपर्यंत सहा जाड आणि पाच बारीक झाल्या. महिपतीला अकरा टिचक्यांचे सात रट्टे बसले. बारावी बारीक काही मिळेना. शेवटी कुणीतरी पोस्टात जा म्हणालं. तिथलं तारेचं काम बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती, पण तिकिटांच्या खिडकीत एक तारा शिल्लक होती. रविवारची सुट्टी होती, ती यायला तयार झाली.

रविवारी मांडव भरला. लाल कोट घालून पार्टी उभी राहिली. मधे खुर्चीवर दादा, मांडीवर बिनतारांची गिटार. खालच्या आळीची पार्टी बेंजोला कव्हर घालून मांडवाच्या दारातच थांबली होती, हसत होती. आप्पा एकदा घड्याळाकडे बघायचे, एकदा दादाकडे.

तेवढ्यात दाराशी टेम्पो थांबला.

“दादा, तारा आणल्या!”

दादाला रडूच फुटायचं बाकी राहिलं. “आण रं माझ्या राजा! आण लवकर!”

महिपतीने टेम्पोचं फळकूट पाडलं. एक जाड उतरली. एक बारीक उतरली. एक जाड. एक बारीक. दर दोघींच्या मधे कांद्याचं एकेक पोतं होतं, गुंतू नयेत म्हणून. सगळ्या उतरल्यावर महिपतीने त्यांना दादासमोर जोडीजोडीने उभं केलं.

“मोजून घे. बारा. सगळ्या खणखणीत. पोस्टातली जरा किनरी हाय, पण चालंल. आता तू ह्यांना ताण.”

दादाने जाड तारांकडे बघितलं. मग बारीक तारांकडे बघितलं.

“मलाच ताण आलाय रं,” तो म्हणाला आणि खुर्चीत मागे कलंडला.

नवरी अंतरपाटामागे उभी होती, भटजी पोथी उघडून थांबले होते. आप्पांनी दारातल्या पार्टीला बोट हलवून आत बोलावलं.

“कोण रुसलंय मग इथं?” वांगीवाल्या ताराबाई दरडावून म्हणाल्या. कुणीच रुसलेलं दिसेना. “आलोच हाय तर रिकामं का जायचं? गा गं बायांनो!”

आणि त्यांनी मंगलाष्टक उचललं. खालून त्यांचा जाड आवाज, वरून बांगडीवालीचा बारीक. मग शिंपीण, मग खानावळवाली. सहा जाड आवाज जमिनीवरून चालले आणि सहा बारीक त्यांच्या डोक्यावरून. दादाने डोळे उघडले. कानाचा पक्का माणूस तो. हे त्याने कुठंतरी ऐकलं होतं. ही तर म्हातारीच बोलत होती! त्याने गिटारीच्या पोटावर बोटांनी ठेका धरला. ढोलकीवाल्याने तो उचलला. तिसऱ्या कडव्याला आख्खा मांडव गात होता, खालच्या आळीची पार्टीसुद्धा.

अक्षता पडल्यावर आप्पांनी फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. “असली पार्टी तालुक्यात न्हाई,” ते म्हणाले. “धाकटीच्या लग्नालाबी हीच.”

दादाने महिपतीला जवळ बोलावलं. स्वतःच्या हाताने त्याला लाल कोट घातला. हातात खुळखुळा दिला. मग गेल्या चार दिवसांचं सगळं आठवून त्याचा कान पकडला. “स्टेजवर हितं उभं राहा. पण मी सांगेपर्यंत हलायचं न्हाई. हात न्हाई, तोंड न्हाई, खुळखुळा न्हाई. कायबी हलवायचं न्हाई.”

महिपती उभा राहिला. पंगती उठल्या. बारा तारा साडीचोळी घेऊन टेम्पोत बसल्या, मधल्या पोत्यांसकट. वरात निघाली, दादाला लोकांनी खुर्चीसकट उचलून नेलं. त्या गडबडीत दादा सांगायचं विसरला. मांडववाले कनाती सोडायला लागले, तरी महिपती लाल कोटात उभा होता. त्याच्याएवढं सुखी त्या मांडवात कुणी नव्हतं, नवरदेवसुद्धा नाही.

तिथं बायजाक्का आली. चार दिवस तिला गिरणीवर सगळे विचारत होते, कुठंय तुझी म्हातारी?

“हे बघ मैपती,” ती म्हणाली. “सुपारी मी बरोबर ऐकली होती, ती लग्नाची निघाली. म्हातारी म्हणाले होते, त्या बारा निघाल्या, त्यात म्हातारी म्हणावी अशी एखादीच. उचलायची म्हणाले होते, तर ह्या आपल्या पायांनी टेम्पोत चढल्या. आता एवढंच सांग, ते मान धरायचं काय? म्हातारीची मान धरलीस का न्हाई?”

धरली होती. टेंगूळ अजून दुखत होतं. हो म्हणावं, निदान मान तरी हलवावी, असं महिपतीला फार वाटलं.

पण दादाने अजून सांगितलं नव्हतं. महिपतीने मान हलवली नाही.

“बघा!” बायजाक्का हात झटकत म्हणाली. “मला वाटलंच. अर्धी बातमी खोटीच होती.”