भिवसनाची पाठ

आमच्या पाटाचा बांध सगळीकडे सरळ आहे. फक्त वडाजवळ तो आत दबलेला आहे, कुणी पाठ टेकून बसावं तसा. दगाजी आबा पाहुण्यांना तिथे थांबवतात आणि म्हणतात, "ही भिवसनाची पाठ."

फार पूर्वी, असं सांगतात, गाव लग्नाच्या पंगतीत असताना भिवसन नावाच्या पोरानं सोबत्यांच्या नादानं इथे बांध फोडला. कशासाठी? तर पाट आटला की मासे हाती लागतात म्हणून! पाणी ओढ्याला गेलं आणि पाटाच्या शेवटाला झेलाबाई म्हातारीचा ऐन ओंबीवर आलेला गहू वाळला. सोबती पळाले, भिवसन सापडला. पंचांनी त्याला गावाबाहेर काढायचं ठरवलं.

झेलाबाई उठली म्हणे. "गहू माझा गेला. आता पोरगंही घालवता? बाहेर काढलंत तर दुसऱ्या गावचे बांध फोडील. त्याला पाटकरी करा. पाणी वाटू दे सगळ्यांना."

"बांध फोडणाऱ्याच्या हाती बांध?"

"कच्चा कुठं आहे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पुन्हा फोडला, तर माझी पाण्याची पाळी कायमची बंद करा."

तेव्हापासून भिवसन फावडं घेऊन पाटावर राहिला. पुढच्या वर्षी अवकाळी लोंढा आला आणि नेमका तोच बांध खचला. "फोडला रे पुन्हा!" हाक उठली. लोक काठ्या घेऊन धावले, पुढे झेलाबाई.

पाहतात तर भिवसन भगदाडाला पाठ लावून बसलेला, गळ्यापर्यंत चिखलात, ओठ निळे.

"आजी, मी नाही फोडला."

"दिसतंय रे, लबाडा. हलू नकोस," म्हणत तिनं पदरात माती भरली. मग एकेक काठी खाली पडली आणि सगळेच माती ओढू लागले. पाणी थांबलं. त्याच्या पाठीचा ठसा मात्र कितीही लिंपला तरी बुजला नाही, म्हणतात.

आजही गावातलं एखादं पोर वाट चुकलं, की त्या हंगामाचं फावडं त्याला मिळतं. ज्याचं नुकसान झालं, त्याच्या शेताला पहिलं पाणी ते पोरच सोडतं. परवा आबा सांगत असताना एकदम पाणी सुटलं, मी दचकलेच. वडाखाली मिसरूड फुटलेला पाटकरी उभा होता.

"यानं काय केलं होतं?" एका पाहुण्यानं हळूच विचारलं.

"आत्ता पाणी सोडलं," आबा म्हणाले. "चला, बाजूला व्हा, त्याला काम करू द्या."