हद्दीवर काय पुरलं?

कुठल्या राजाच्या काळातली ते आता कुणालाच आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट.

एका डोंगराच्या पायथ्याशी बाजार भरायचा. तिथं एक मीठवाली बसायची. बाई मायाळू, कुणाचंही पोर रडलं तर आधी हिचा जीव कासावीस. पण कान मात्र सगळ्यांच्या बोलण्याकडे.

एके दिवशी दोन शिपाई मीठ घेता घेता बोलत होते. "डोंगरावरचा नाईक हद्दीपाशी काहीतरी पुरत होता, मी पाहिलं. खड्डा बुजवला, वर पाला पसरला, अन्—"

तेवढ्यात त्यांना हाक आली आणि दोघं धावले.

अन् काय? मीठवालीला चैन पडेना.

आता एवढं समजून घ्या. त्या डोंगरावर रानातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. राजाला नव्या महालासाठी तिथलं लाकूड हवं होतं. त्यांचा नाईक तीन वर्षं दरबारात खेटे घालत होता. "आमच्या आज्या-पणज्यांनी रोवलेले हद्दीचे दगड तिथं आहेत. ते बघा, आणि आमचा डोंगर आम्हाला राहू द्या." आता कुठं राजाचा कारभारी दगड बघायला येणार होता.

मीठवालीनं उरलेली गोष्ट मनानंच पुरी केली. शेजारच्या हळदवालीला म्हणाली, "अगं, नवे दगड पुरतोय तो! जुने म्हणून दाखवायला."

"खरंच?"

"शिपायानं डोळ्यांनी पाहिलंय, बाई!"

दिवस मावळायच्या आत बाजारभर झालं, आणि कारभाऱ्याच्या कानावरही गेलं.

पुढच्या बाजाराला नाईकाची बायको मिठाच्या बदल्यात द्यायला रानातले कंद घेऊन आली. मीठवालीनं हळूच विचारलं, "काय गं, नवरा हद्दीवर काय पुरत होता?"

"कंदाची डोकी, मावशी! कंद काढला की वरचं डोकं परत मातीत ठेवायचं. नाहीतर पुढच्या साली पोरांना काय घालू? इतकी वर्षं आमचे कंद खाताय आणि एवढं ठाऊक नाही?" ती हसली.

मीठवालीनं तिला मूठभर मीठ जास्त घातलं. तोंडातून मात्र शब्द काढला नाही.

त्याच दिवशी कारभारी आला. दगड बघायला डोंगर चढलाच नाही. बाजारातच बसला आणि नाईकाला बोलावून म्हणाला, "हद्दीवर पुरलंस की नाही, एवढंच सांग."

"पुरलं, सरकार. पण ते—"

"पण-बिण नको! कबूल झाला."

गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दगड पेरलेस, नाईका? आता डोंगर उगवेल हो!" लोक खो-खो हसले. मीठवालीला खरं ठाऊक होतं. तोंड उघडलं, तर आपणच खोट्या ठरू. म्हणून तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून कुऱ्हाडी चालू झाल्या. घाव बाजारापर्यंत ऐकू यायचे. आठव्या दिवशी मीठवाली कारभाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "ती आवई माझी, सरकार. तिथं उकरून बघा."

उकरलं, तर कोंब फुटलेली कंदाची डोकी निघाली. जवळच निम्मे जमिनीत रुतलेले, शेवाळलेले जुने दगड होते. राजानं कुऱ्हाडी थांबवल्या आणि डोंगर नाईकाच्या माणसांना दिला. पण खालचा उतार तोवर बोडका झाला होता. तिथले कंद ओंडक्यांखाली चिरडले होते.

मीठवाली डोंगर चढून गेली. नाईकापुढं तिला मान वर करवेना.

"बाई," नाईक म्हणाला, "मी पुरत होतो, हे तू खरंच बोललीस. काय पुरत होतो, ते विचारायला एवढाच चढ चढायचा होता. आणि कळल्यावर तर चढायचंही नव्हतं. त्या दिवशी बाजारात मी तुझ्यासमोरच उभा होतो."

त्या वर्षी खालच्या उतारावरच्या घरांतली पोरं अर्धपोटी राहिली.

बोध: अर्धवट ऐकलेलं मनानं पुरं करणं वाईटच, पण खरं कळल्यावर लाजेपायी गप्प बसणं त्याहून वाईट.