आधी टिकलीची शितं

एक होते विसूनाना. नाना जेवायला बसायचे. ताटाभोवती पाणी फिरवायचे. ताटाशेजारी चिमूटभर भात ठेवायचे. म्हणायचे, "ही चित्राहुती. ज्याची त्याला." मग स्वतः पहिला घास घ्यायचे.

ताटाशेजारची ती शितं कुणाची? टिकली मुंगीची! रोजची. हक्काची.

एक दिवस टिकली आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर काय? ताट वाढलेलं. नाना पाटावर. पण ताटाशेजारी एकही शीत नाही!

"नाना, माझी शितं?"

"बाळकृष्ण जेवला नाही, तर मी जेवत नाही. मी जेवत नाही, तर शितं नाहीत. जा!"

टिकलीला राग आला. आधीच लाल होती, आणखी लाल झाली.

"लहान मी, लहान पोट,
हटणार नाही एक बोट!"

तुरुतुरु, तुरुतुरु. देवघरात पितळेचा बाळकृष्ण. गाल फुगलेले. पुढ्यात नैवेद्य, तसाच्या तसा.

"बाळकृष्णा, जेव!
नाना शितं देईनात,
मी उपाशी!"

"वर तुळशीचं पान नाही, तर मी जेवत नाही. जा!"

देव झाला म्हणून काय झालं? टिकली देवालाही म्हणाली,

"लहान मी, लहान पोट,
हटणार नाही एक बोट!"

तुरुतुरु, तुरुतुरु. अंगणात तुळस. मान खाली घालून उभी.

"तुळशी, पान दे!
बाळकृष्ण जेवेना,
नाना शितं देईनात,
मी उपाशी!"

"मला पाणी नाही, तर पान नाही. जा!"

"लहान मी, लहान पोट,
हटणार नाही एक बोट!"

तुरुतुरु, तुरुतुरु. विहिरीपाशी तांब्या. लोळत पडलेला. काळाकुट्ट.

"तांब्या, पाणी आण!
तुळस पान देईना,
बाळकृष्ण जेवेना,
नाना शितं देईनात,
मी उपाशी!"

"अशा काळ्या तोंडाने तुळशीपुढे जाऊ? घासायला चिंच नाही, तर पाणी नाही. जा!"

"लहान मी, लहान पोट,
हटणार नाही एक बोट!"

तुरुतुरु, तुरुतुरु. वर झाडावर चिंच. आंबट तोंड करून लटकलेली.

"चिंचे, खाली पड!
तांब्या पाणी आणेना,
तुळस पान देईना,
बाळकृष्ण जेवेना,
नाना शितं देईनात,
मी उपाशी!"

"फांदी कुणी हलवत नाही, तर मी पडत नाही. जा!"

"लहान मी, लहान पोट,
हटणार नाही एक बोट!"

तुरुतुरु, तुरुतुरु. फांदीवर वानर. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र.

"वानरा, फांदी हलव!
चिंच खाली पडेना,
तांब्या पाणी आणेना,
तुळस पान देईना,
बाळकृष्ण जेवेना,
नाना शितं देईनात,
मी उपाशी!"

वानराने एक डोळा उघडला. "कोण? तू? एवढीशी? मी नाही उठत. काय करशील?"

काय करेल बरं टिकली? रडेल? घरी जाईल? छे!

"लहान मी, लहान पोट,
हटणार नाही एक बोट!"

टिकली शेपटीवर चढली. आणि कडकडून चावली. कच्च!

"हूप! हूप! हूप!" वानर उडालं. फांदी हलली, गदागदा. चिंच पडली, टप्प! तांब्याने अंग घासलं, घस घस. तांब्या लख्ख झाला. विहिरीत बुडाला, बुडबुड. तुळशीला पाणी मिळालं, खळखळ. तुळशीने मान वर केली. पान दिलं. पान नैवेद्यावर बसलं, टुप्प! बाळकृष्ण जेवला, मटामटा.

नाना खूश! त्यांना भूक लागली होती. एवढी मोठी! त्यांनी मोठा घास केला. उचलला. आऽऽ केलं.

आणि ताटाशेजारी? काहीच नाही! नाना विसरले!

टिकली सरसर सरसर नानांच्या मनगटावर चढली.

"थांबा! आधी माझी शितं!"

घास तोंडाशी थांबला. नाना लाजले. घास खाली ठेवला. ताटाभोवती पाणी फिरवलं.

"चुकलो गं, टिकलीबाई. हा घे, लाडवाएवढा भात घे. माझ्याकडून."

"तुमच्याकडून नको," टिकली म्हणाली. "माझा तेवढाच द्या."

नानांनी ताटाशेजारी चिमूटभर भात ठेवला. टिकलीने एक शीत खाल्लं. मग दुसरं. नाना मांडीवर हात ठेवून बसून राहिले. पोटात गुर्र गुर्र. तरी बसून राहिले.

टिकलीने मिशा पुसल्या.

"हं. आता जेवा."

मग नाना जेवले.

टिकलीची शितं सरली, आपली गोष्ट सरली.