चुंचूबाईची कुंची

एक होती चिचुंद्री. तिचं नाव चुंचूबाई.
नाक लांबच लांब. डोळे मोहरीएवढे. दिसायचं थोडं, गोंधळ मोठा.

चुंचूबाईला चार पिल्लं. एकू, दुकू, तिकू आणि सगळ्यांत इटुकला शेंडू.
बाहेर निघाली की त्यांची आगगाडी व्हायची. पुढे चुंचूबाई. एकूच्या तोंडात आईचं शेपूट. दुकूच्या तोंडात एकूचं शेपूट. तिकूच्या तोंडात दुकूचं शेपूट. आणि शेंडूच्या तोंडात तिकूचं शेपूट.
चालली गाडी भिंतीच्या कडेकडेनं. लुटुलुटु, लुटुलुटु!
"शेपूट सोडायचं नाही!" आई म्हणायची.
"उंम्!" पिल्लं म्हणायची. तोंडात शेपूट. बोलणार कसं?

ही सगळी राहायची जुईच्या घरी. जिन्याखाली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेखाली एक कुंची. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं टोपडं, मागे पाठभर कापड असलेलं. जुई बाळ होती तेव्हाची ती कुंची. आता जुई झाली चार वर्षांची, आणि कुंची झाली पिल्लांची गादी. मऊ मऊ, गरम गरम.

मग दसरा जवळ आला. जुईच्या घरात आवराआवर निघाली. एवढी धूळ उडाली, एवढी धूळ उडाली, की अंगणातल्या पेरूच्या झाडाला शिंक आली. हाऽऽक्छी! दोन पेरू खाली पडले. खरंच!

घरात तीन ढीग झाले.
एक ढीग 'ठेवायचं'.
एक ढीग 'द्यायचं'.
आणि एक ढीग 'बघू'. हा सगळ्यांत उंच.

चुंचूबाई पिल्लांना घेऊन किडे खायला गेली होती. पोटं भरून परत आली. लुटुलुटु, लुटुलुटु!
बघते तर काय? ट्रंक सरकलेली. खालची कुंची गायब!
"अगं बाई! घर चुकलं की काय माझं?" चुंचूबाई बाहेर गेली. पुन्हा आत आली. घर तेच. कुंची नाहीच.
पिल्लांचे डोळे मिटायला आले होते. पण फरशी गार. पोटाला लागली की पिल्लू उडे टुण्णकन!

चुंचूबाईनं नाक वर केलं. सूं सूं सूं. वास आला अंगणातून.

अंगणात बसली होती तानूबाई बोहारीण. जुने कपडे घ्यायचे आणि नवी भांडी द्यायची, हा तिचा धंदा. शेजारी हे एवढं गाठोडं. हातात बशी. बशीत चहा.
"तानूबाई, तानूबाई, गाठोडं सोडा. आमची कुंची आत गेली. पिल्लांना झोप येईना!"
"वा गं वा!" तानूबाई म्हणाली. "मी कापड घेतलं, पातेलं दिलं. आता फुकट कशी सोडू? तिच्या बदली दुसरं कापड आण. वहिनींकडे फाटकी हिरवी साडी आहे. सकाळपासून मागतेय मी. ती आण, कुंची ने. आणि पाय उचल लवकर. चहा संपला की मी चालले पुढच्या गल्लीत."
सुर्रर्र! एक घोट संपला.

"चला रे," चुंचूबाई म्हणाली. "शेपूट सोडायचं नाही!"
"उंम्!"
लुटुलुटु, लुटुलुटु!

शैलावहिनी, म्हणजे जुईची आई, साडीची घडी घालत होती.
"वहिनी, वहिनी, साडी द्या.
बोहारीण कुंची देईना,
पिल्लांना झोप येईना!"
वहिनीनं नाकाला पदर लावला. "ईऽऽ, चिचुंद्री! हे बघ बाई, ही साडी मी कुठंतरी नेसले होते. कुठं ते आठवत नाही. पण नेसले होते! आणि सगळं मीच का द्यायचं? आधी नानांना रेडिओ द्यायला सांग. मग मी साडी देईन."
अंगणात आवाज आला. सुर्रर्र!

लुटुलुटु, लुटुलुटु!

नाना, म्हणजे जुईचे आजोबा, रेडिओ पुसत होते. रेडिओ शेवटचा बोलला, तेव्हा नानांच्या डोक्यावर केस होते.
"नाना, नाना, रेडिओ द्या.
वहिनी साडी देईना,
बोहारीण कुंची देईना,
पिल्लांना झोप येईना!"
"शूऽऽ!" नाना म्हणाले. "हळू बोल. तो आज बोलेल असं वाटतंय. आणि मलाच बरी सांगते शैला! त्या बापूची छत्री दिसत नाही तिला? आधी बापूला छत्री द्यायला सांग. मग मी रेडिओ देईन."
सुर्रर्र!

लुटुलुटु, लुटुलुटु!

बापूकाका छत्री उघडून बसला होता. छत्रीला काड्या आठ. कापड? कापड नाहीच!
"काका, काका, छत्री द्या.
नाना रेडिओ देईना,
वहिनी साडी देईना,
बोहारीण कुंची देईना,
पिल्लांना झोप येईना!"
"अशी कशी देऊ?" काका म्हणाला. "उघडते की नाही बघ! फट्टक! मिटते की नाही बघ! खट्टक! पाऊस तेवढा अडत नाही. ते जाऊ दे. आधी बेबीताईला झाकण द्यायला सांग. मग मी छत्री देईन."
सुर्रर्र!

चुंचूबाई निघाली. चार पावलं गेली. थांबली.
"काय बरं म्हणाला तो? बेबीला छत्री? छत्रीला झाकण?"
"उंम् उंम्!" शेंडू मागून म्हणाला.
"तू गप. शेपूट सोडायचं नाही!"
लुटुलुटु, लुटुलुटु!

बेबीआत्या म्हणजे काकाची मोठी बहीण. केस पांढरे झाले तरी नाव बेबीच. तिच्या मांडीवर पितळेचं झाकण. नुसतं झाकण. डबा नाही.
"आत्या, आत्या, झाकण द्या.
काका छत्री देईना,
नाना रेडिओ देईना,
वहिनी साडी देईना,
बोहारीण कुंची देईना,
पिल्लांना झोप येईना!"
"शहाणीच आहेस!" आत्या म्हणाली. "आज झाकण दिलं आणि उद्या डबा परत आला, तर त्याला काय सांगू?"
"डबा कुठं गेलाय?"
"ते कुठं माहीत आहे!" आत्या म्हणाली. "आधी आमच्या जुईला मोजा द्यायला सांग. मग मी झाकण देईन."
सुर्रर्र!

लुटुलुटु, लुटुलुटु!

जुई पायरीवर बसली होती. तिच्याकडे होता एक मोजा. एकच! दुसरा कधी हरवला, कुणालाच ठाऊक नाही. पायात तो जाईना, म्हणून जुईनं हातात घातला होता. लाल लाल, ठिपक्यांचा.
"जुई, जुई, मोजा दे.
आत्या झाकण देईना,
काका छत्री देईना,
नाना रेडिओ देईना,
वहिनी साडी देईना,
बोहारीण कुंची देईना,
पिल्लांना झोप येईना!"
जुईनं मोजावाला हात पाठीमागे लपवला.
"आधी मला कुंची दाखव," ती म्हणाली. "मग मी मोजा देईन."

चुंचूबाई आली तानूबाईकडे.
"तानूबाई, कुंची दाखवा!"
"आधी साडी आण," तानूबाई म्हणाली. सुर्रर्र! बशीच्या तळाशी राहिला एकच घोट.

आता आली का पंचाईत!
साडीसाठी रेडिओ हवा. रेडिओसाठी छत्री हवी. छत्रीसाठी झाकण हवं. झाकणासाठी मोजा हवा. मोज्यासाठी कुंची हवी. आणि कुंचीसाठी? कुंचीसाठी साडी हवी!
आणि साडीसाठी रेडिओ...
चुंचूबाईचं डोकं गरगर गरगर फिरलं.
"कडेकडेनं चाला रे पोरांनो! कडेकडेनं गेलं की कुठंतरी पोचतोच आपण!"

ती शिरली पेरूच्या झाडाखाली. खोडाच्या कडेकडेनं निघाली. लुटुलुटु, लुटुलुटु!
पण खोड होतं गोल. त्याला कोपराच नाही. कड काही संपेना!
चुंचूबाई चालली, चालली, आणि समोर दिसलं एक इटुकलं शेपूट.
"अरेरे! कुणाचं बरं पिल्लू हे? चुकलं वाटतं बिचारं!"
आणि तिनं ते शेपूट तोंडात धरलं. गप्पकन!

ते कुणाचं होतं? शेंडूचं!

झालं! आई शेंडूच्या मागे. शेंडू तिकूच्या मागे. तिकू दुकूच्या मागे. दुकू एकूच्या मागे. आणि एकू आईच्या मागे!
पेरूच्या झाडाभोवती गोल गोल, गोल गोल!
"उंम्?" आई म्हणाली.
"उंम्!" पिल्लं म्हणाली.
गोल गोल, गोल गोल!

तानूबाईनं बशी तोंडाला लावली. शेवटचा घोट. सुर्रर्रर्र! बशी रिकामी. तिनं गाठोड्याची गाठ आवळली.
"चला, निघते मी!"

ते ऐकून चुंचूबाई दचकली. तिचे दात दाबले गेले. करकच्!
"आई गंऽऽ!" शेंडू ओरडला.
ओरडायला तोंड उघडलं. तोंड उघडलं आणि तिकूचं शेपूट सुटलं. पळता पळता सगळे एकमेकांवर पडले. धप् धप् धप् धप् धप्!
"आई!" शेंडू म्हणाला. "तू माझंच शेपूट धरलंस!"
"असं होय!" चुंचूबाई म्हणाली. "तरीच वास ओळखीचा वाटत होता!"

पायरीवर जुई हसत सुटली. हसली, हसली, पोट धरून हसली. टाळ्या वाजवायला लागली. पण एका हातात मोजा. टाळीचा आवाज येईना. फुप् फुप्!
मग जुईनं मोजा ओढला आणि भिरकावला. भुर्रर्र! टाळ्या वाजल्या. टाळ् टाळ् टाळ्!
आणि मोजा दारातून आत पडला, 'द्यायचं'च्या ढिगात. टप्!

आत्या बघतच राहिली. "जुईनं दिला? एवढीशी पोर देते, मग मी काय बसून राहू?" आत्यानं झाकण दिलं. ठण्ण!
"ताईनं दिलं?" काकानं छत्री दिली. जाता जाता एकदा उघडली. फट्टक! एकदा मिटली. खट्टक! मग दिली.
"बापूनं दिली?" नाना उठले. दोन्ही हातांनी रेडिओ उचलला. ढिगावर ठेवला. धप्प!
आणि रेडिओ बोलला!
"खर्रर्र... नमस्कार!"
"बोलला!" नाना ओरडले. त्यांनी रेडिओला मिठीच मारली.
सगळे घाबरले. आता नाना रेडिओ सोडतात कुठले!
नानांनी त्याला कान लावला. रेडिओ गप्प. आणखी कान लावला. गप्पच.
"जाताना नमस्कार करून गेला," नाना हळूच म्हणाले. "चांगला होता. असू दे आता." आणि त्यांनी मिठी सोडली.

"नानांनी दिला?" वहिनी हिरवी साडी घेऊन धावली. "तानूबाई, थांबा! ही घ्या साडी! आणि ह्या चिचुंद्रीची कुंची द्या बाई!"
तानूबाईनं गाठ सोडली. हात घातला. जुना सदरा बाहेर आला. उशीचा अभ्रा बाहेर आला. आणि मग आली कुंची!

वहिनीनं कुंची बघितली. ती चपापलीच.
"अगंबाई! ही तर जुईची! द्यायच्या ढिगात कुणी टाकली?"
दारात उभा असलेला काका आढ्याकडे बघायला लागला. "मला वाटलं, पायपुसणं."
वहिनीनं कुंचीचं एक टोक हुंगलं. ईऽऽ! चिचुंद्रीचा वास! दुसरं टोक हुंगलं. अहाहा! वेखंडाचा वास. तान्ह्या जुईचा वास.
"ही मी कुणाला देणार नाही," वहिनी म्हणाली. तिनं कुंची घट्ट पोटाशी धरली.

चुंचूबाईला काही कळेना. मोजा दिला, झाकण दिलं, छत्री दिली, रेडिओ दिला, साडी दिली, कुंची सुटली. मग तिला कुंची का मिळेना?
शेंडूचं तोंड अजून मोकळंच होतं. तो वहिनीच्या पायाशी गेला. मान वर केली.
"मला झोप आली," शेंडू म्हणाला.

वहिनीनं शेंडूकडे बघितलं. जुईकडे बघितलं. जुईसुद्धा एकदा एवढीशीच होती.
तिनं 'ठेवायचं'च्या ढिगाकडे बघितलं. 'द्यायचं'च्या ढिगाकडे बघितलं.
"बघू," वहिनी म्हणाली.
आणि 'बघू'च्या ढिगात, अगदी खाली, उबेला, तिनं कुंची हळूच पसरली.

एकू शिरला. दुकू शिरला. तिकू शिरला. शेंडू शिरला. शेवटी चुंचूबाई शिरली.
"आता शेपूट सोडलं तरी चालेल," ती म्हणाली.

जुईनं मोजा दिला,
आत्यानं झाकण दिलं,
काकानं छत्री दिली,
नानांनी रेडिओ दिला,
वहिनीनं साडी दिली,
बोहारणीनं कुंची दिली,
आणि पिल्लांना झोप आली!

"आई," जुईनं विचारलं, "हा ढीग कधी उचलायचा?"
"शूऽऽ!" आई म्हणाली. "बघू."
तो ढीग अजून तिथंच आहे.

तानूबाई गेली पुढच्या गल्लीत.
चुंचूबाई निजली मऊ कुंचीत.
गोष्ट आली शेपटाच्या टोकाला. आता तुम्हीही सोडा ते, आणि मिटा डोळे.